स्वराच्या मध्ये घेतलेला श्वास

कोविडच्या पहिल्या वसंतात झूटरमेर या डच गावातल्या आमच्या घरात तीन माणसं होती: मी, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. बायको एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. पुण्यात असताना ती बरीच वर्षं ख्याल शिकली होती. इथं आल्यावर गाणं सुटलं, म्हणून तिनं जवळच्या फोरबर्गमधल्या एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात, नाव घातलं. चर्चमागच्या हॉलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी तालीम असायची. मी तिला गाडीनं सोडायचो आणि तालीम संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचो.

त्या वर्षी कॉयरनं विसाव्या शतकाचा कार्यक्रम हाती घेतला होता. काळाच्या क्रमानं रचना गायच्या होत्या. कॉयरच्या संचालिका पन्नाशीच्या डच बाई होत्या, आणि प्रत्येक रचनेआधी त्या थोडं सांगायच्या. शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या काही संगीतकारांनी मुक्कामाचा स्वर सोडला. गाणं ज्याच्यापाशी परत येतं तो स्वर, आपल्या भाषेत षड्ज, त्यांना नकोसा झाला. मग बाराही स्वरांना सारखा मान देणाऱ्या रचना आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर काहींनी चालसुद्धा टाकून दिली आणि माणसांच्या आवाजाचा नुसता ढग उभा केला: अगदी लगतचे स्वर, एकाच वेळी, अनेक गळ्यांतून. शतक संपत आलं तेव्हा काही जण एका स्थिर स्वराकडे आणि त्याच त्या आवर्तनांकडे वळले.

"एवढं फिरून शेवटी तानपुऱ्यापाशीच आलात की," बायको म्हणाली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे कार्यक्रमपत्रिकेत मात्र छापता यायचं नाही.

सगळ्यात अवघड होती ती ढगाची रचना. तिला ताल नव्हता. बाई हातानं फक्त सेकंद दाखवायच्या. प्रत्येकीला एकच स्वर धरून उभं राहायचं होतं आणि एकूण आवाज कुठंही तुटू द्यायचा नव्हता. त्यासाठी श्वासाचा एक नियम होता. शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही. शब्द संपतो तिथंही घ्यायचा नाही, कारण तिथं सगळेच घेतात. शब्दाच्या मधोमध, स्वर लांबवताना आवाज हळूहळू कमी करत बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा आणि कुणाला कळायच्या आत परत शिरायचं. बायकोच्या पुण्याच्या गुरुजींनी तिला नेमकं उलट शिकवलं होतं: श्वासाची जागा ठरलेली हवी आणि मुखडा मध्ये मोडता कामा नये. सुरुवातीला तिला ही चोरीच वाटायची. मग ती घरी सराव करू लागली, भांडी लावताना, भाजी चिरताना. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. "आई, यू साउंड लाइक द फ्रिज," ती म्हणायची.

कॉयरमध्ये बायकोच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहायच्या. श्वास कुणी कधी घ्यायचा हे त्या दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं. एकमेकींचा श्वास ऐकू यावा म्हणून कोपराला कोपर लावून उभं राहावं लागायचं. मार्चमध्ये सरकारनं हस्तांदोलन टाळायला सांगितलं. त्या आठवड्यात कॉयरमध्ये कुणी कुणाच्या हाताला हात लावला नाही. आल्यावर सगळे एकमेकांना लांबूनच हात करून हसले, मग नेहमीसारखे कोपराला कोपर लावून उभे राहिले आणि ढगाची रचना दोनदा म्हटली. ती शेवटची तालीम ठरली. पुढच्या काही दिवसांत कॉयरमधले बरेच लोक आजारी पडले. बायकोही पडली.

ती वरच्या खोलीत गेली. मी ताट दाराबाहेर ठेवायचो. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाल्या की पॅरासिटामोल घ्या, भरपूर पाणी प्या आणि श्वास लागला तरच फोन करा. इथले डॉक्टर कशावरही पॅरासिटामोलच देतात, यावर मराठी मंडळींत बरेच विनोद चालायचे. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकही आला नाही.

आजारी पडून आठवडा होत आला तेव्हा संचालिकाबाईंचा मेल आला. त्या शिक्षिकेला इस्पितळात नेलं होतं. तिथं जागा नव्हती म्हणून दुसऱ्या प्रांतात हलवलं, आणि तिथं त्या गेल्या. त्यांच्या मुलांना भेटता आलं नव्हतं. हे बायकोला सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो. पण मेल तिलाही आला होता. ती दाराआडून एवढंच म्हणाली, "मला नाही न्यायचं कुठं. सांगून ठेवते."

त्यानंतर ती तब्येतीविषयी विचारलं की बरं आहे म्हणायची. आवाजही बरा यायचा. पण जिन्यावर उभं राहिलं की आतून मधूनमधून काहीच ऐकू यायचं नाही, आणि खोकला ऐकण्यापेक्षा त्या शांततेची मला जास्त भीती वाटू लागली. मुलगी खालून विचारायची, मी बरं आहे म्हणायचो.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी तिला न विचारता डॉक्टरांना फोन लावला. मास्क बांधून दार उघडलं, उंबऱ्यात उभा राहिलो आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांनी तिला सलग बोलायला सांगितलं: आज काय खाल्लं, रात्री झोप कशी लागली. वाक्य पुरं करता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. बायको उशीला टेकून बसली होती. तिनं सकाळचा उपमा, दुपारचं सूप, पहाटेचा घाम, सगळं एका दमात सांगितलं. वाक्य कुठं तुटलं नाही.

"बोलणं छान आहे. इतक्यात इस्पितळात जायची गरज दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मी तिच्याकडे बघत होतो. शब्दाच्या मध्येच तिचा आवाज किंचित बारीक व्हायचा आणि परत यायचा. तेवढ्यात गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. तालमीत मागच्या बाकावरून मी हे अनेकदा पाहिलं होतं. तिथं खळगा इतका खोल जात नव्हता. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं मान हलवली: नको.

न सांगितलं तर ती घरात राहणार होती. सांगितलं तर तिला नेणार होते, आणि नेलेली माणसं परत येतातच असं नव्हतं.

"डॉक्टर, ती शब्दाच्या मध्ये श्वास घेतेय," मी म्हणालो. "ऐकू येणार नाही असा. तिला ते शिकवलंय."

मग डॉक्टरांनी विचारलं, कुणी शिकवलं? मी कॉयरचं सांगितलं. त्यांनी मला तिच्याकडे नीट बघत राहायला सांगितलं आणि तिला म्हणाल्या, "एक स्वर लावा. कुठलाही. मध्ये श्वास घ्यायचा नाही. संपेल तिथं संपू दे."

तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. षड्ज लावला. एका श्वासात अर्धा-अर्धा मिनिट आलाप करणाऱ्या बाईचा तो स्वर नीट लागायच्या आतच संपला. मग ती पुढं वाकली आणि तोंड उघडून हवा ओढू लागली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. खालून मुलीनं विचारलं, "इज शी प्रॅक्टिसिंग?"

डॉक्टर स्वतः आल्या, अंगभर प्लास्टिक घालून. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली. स्ट्रेचरवरून जिना उतरताना बायको मला म्हणाली, "सांगितलंस ना शेवटी." मला गाडीपर्यंतच जाऊ दिलं.

तिला लायडनच्या इस्पितळात ठेवलं. पुढं कुठं हलवलं नाही, पण हलवतील या धास्तीनं मी फोन हातातून खाली ठेवत नव्हतो. वॉर्डातून दिवसातून एकदा फोन यायचा. प्रकृती स्थिर आहे, एवढंच सांगायचे. एके दिवशी वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी केलाय, आज पूर्ण वाक्यं बोलतायत. मी विचारलं, श्वास कुठं घेते? त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

"अरे, खरंच बरी आहे मी," ती म्हणाली. मुलीच्या जेवणाचं विचारलं, चार्जर पाठव म्हणाली. मी लक्ष देऊन ऐकत होतो. मध्ये कुठंही आवाज खाली गेला नाही. पण तो गेलेला कळू नये, हेच तर तिनं महिनोन्‌महिने घोटलं होतं. ती आणखी बोलत राहिली आणि मला काहीच ठरवता येईना.

ती घरी आली तेव्हा जिना चढताना दोनदा बसली. कार्यक्रम झाला नाही. कॉयर काही दिवस व्हिडिओवर जमलं, पण प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचायचा, ढग बनेना, मग तेही थांबलं. उन्हाळ्यात एकदा ती फोनवर आईशी बोलत होती आणि मी समोर बसलो होतो. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बोलताना माझ्या गळ्याकडे काय बघत बसतोस? तोंडाकडे बघ की."

मी हो म्हणालो. मग ती चहाचं विचारत होती, आणि मी पुन्हा गळ्याकडेच बघत होतो.