काचेखालचं पाणी

चिकपेटच्या साडीबाजारातल्या एका बोळात मालोजी रेशमी साड्यांना पॉलिश करतो. धंदा बापजाद्यांपासूनचा, पण पाणी मात्र आताचं, बोअरचं. साडीवर शिंपडलं की वाळल्यावर पांढरे डाग! गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हा पठ्ठ्यानं डोकं लढवलं. गच्चीवर पत्र्याचा उथळ ट्रे ठेवला, आतून काळा रंगवला, वर तिरकी काच बसवली. बोअरचं पाणीही मोजकंच, म्हणून त्यात घरातली भांडी विसळलेलं पाणी ओतायचं. उन्हानं त्याची वाफ होते, काचेला धरते आणि ओघळून कॅनमध्ये उतरते, अगदी नितळ. डाग गेले, गिऱ्हाईक परत आलं. पाणी कुठलं, ते मालोजीनं कुणाला सांगितलं नाही. सांगतोय कशाला!

परवा अंबुबाई आल्या, नातीच्या लग्नाची साडी न्यायला. यांच्या सोवळ्याचा अख्ख्या गल्लीला धाक. साडी आधी कुलदेवीच्या पायाशी जाणार, मग नातीच्या अंगावर. मालोजी म्हणाला, स्वल्प बसा अक्का, थोडं थांबा, पदर तेवढा राहिलाय. पण बसतील त्या अंबुबाई कसल्या? साडी वर वाळत असेल म्हणून थेट जिना चढल्या. आणि गच्चीवर मालोजीची बायको श्यामला डाळीच्या पातेल्याचं पाणी ट्रेमध्ये ओतत होती.

मागून मालोजी धावत वर आला. ही बाई बाहेर जाऊन बोलली की लग्नसराई बुडाली, दुकानाला कुलूप. काचेखालच्या कॅनकडं बोट दाखवून, हेच पाणी माझ्या साडीवर का, असं अंबुबाईंनी विचारलं. फिल्टरचं आहे, अशी थाप मालोजीच्या ओठांवर आली होती. पण साडी देवीपुढे जायची म्हटल्यावर जीभ रेटेना.

"होय अक्का. खरकटंच, पण वाफेतनं आलेलं."

अंबुबाईंनी काच उचलायला लावली. तळाशी डाळीचा साका नि तेलकट थर बसला होता. तो त्यांनी नखानं खरवडला, नाक मुरडलं. मग कॅनमधलं पाणी तळहातावर घेऊन हुंगलं.

"खरकटं तर इथंच राहिलंय की रे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं रोज टँकर येतो. ते पाणी कुठलं, मी कधी विचारलं? त्यानंच देवांना आंघोळ घालते."

मालोजीचा जीव भांड्यात पडला. श्यामलेनं तर डोळेच पुसले.

खाली आल्यावर अंबुबाईंनी पदर स्वतः ताणून धरला आणि शिंपड म्हणाल्या. मालोजीनं घाईत असं जोरात शिंपडलं की निम्मं पाणी त्यांच्याच तोंडावर उडालं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.