ग्रीनरूममधल्या अळुवड्या

निवृत्त झाले तरी डोंबिवलीतल्या त्या संगीत महोत्सवातली संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होते. बंदोबस्त पाहायला निघणार, तोच ठाणे अंमलदाराने फोन पुढे केला. पलीकडे महोत्सवाचे कार्यवाह होते.

“मॅडम, लवकर या! आमच्या गायकांवर विषप्रयोग झालाय!”

मैदानात पोहोचले तर मंच रिकामा आणि सगळी गर्दी एका स्टॉलभोवती. कोलशेतच्या एक आगरी मावशी तिथे अळुवड्या विकत होत्या. कोणीतरी त्यांचं ताट उलथवलं होतं.

ग्रीनरूममध्ये त्या संध्याकाळचे मुख्य गायक घसा धरून बसले होते. जिभेवर सुया टोचाव्यात तसं होत होतं, शब्द फुटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “जिवाला धोका नाही. पण आज गाणं विसरा.”

“अळुवडी खाल्ली आणि लगेच हे,” कार्यवाह म्हणाले. “त्या बाईला आधी आत टाका.”

वड्या आणल्या होत्या गायकांच्या शिष्येने. विशी-बाविशीची मुलगी. माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “मीच आणल्या, त्या स्टॉलवरून. सरांना कालच्या फार आवडल्या होत्या.”

मुलीला घेऊन स्टॉलवर गेले, मावशींना विचारलं. “काल आलेली ही पोर. आज माझेकडं आलीच नाय.”

“खोटं बोलतायत!” मुलगी म्हणाली.

हवालदार माझ्या कानाशी लागला, “गर्दी तापलीय मॅडम. बाईंना जीपमध्ये घेऊ?”

मावशींनी ते ऐकलं. “जीपमंदी बसवलात त उद्या माझे हातचा कोन खानार? मना इख घालून काय मिलनार, सांगा ना!”

ग्रीनरूममध्ये उरलेल्या वड्या पंचांसमोर जप्त केल्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा येईल, जमाव तोवर थांबणार नव्हता. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. दुपारपासून अख्खं मैदान मावशींच्या वड्या खात होतं आणि बाकी कोणाचाही घसा बसला नव्हता. मी स्टॉलवरची एक वडी मागवली. चावताच चिंचेचा आंबटपणा लागला. मग जप्त केलेल्या वडीचा कणभर तुकडा जिभेवर ठेवला. (हे कुठल्याही नियमात बसत नाही, कोणी करू नये.) आंबटपणाचा पत्ता नाही, आणि जीभ चुरचुरायला लागली!

अळूला चिंच लागतेच, नाहीतर ते खाजतं. मावशींसारखी बाई हे विसरणं शक्य नव्हतं. म्हणजे वड्या त्यांच्या नव्हत्याच.

मुलीला शेजारच्या खोलीत बसवलं. सोबत महिला कॉन्स्टेबल. आधी शांतपणे इकडचं तिकडचं विचारलं. किती वर्षं शिकतेस, रियाज कधी करतेस. ती सैलावली तसं विचारलं, “वड्यांत चिंच का नाही घातलीस?”

“सरांना गाण्याच्या दिवशी आंबट चालत—”

वाक्य अर्धंच राहिलं. माझं काम झालं होतं.

मग तिने सगळं सांगितलं. सर मावशींच्याच वड्यांसाठी हटून बसले होते. आंबटाने आवाज बसेल म्हणून हिने घरी बिनचिंचेच्या केल्या आणि द्रोणात भरून स्टॉलवरच्या म्हणून दिल्या. चिंचेवाचून अळू खाजतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सरांना फसवलं हे त्यांना कळू नये म्हणून ती तेच सांगत राहिली.

“मी त्यांच्या आवाजासाठीच केलं हो!”

“आणि मावशींचं काय?”



दारात येऊन उभे राहिलेले कार्यवाह म्हणाले, “मॅडम, घरचंच प्रकरण निघालं. आता मिटवून टाकू.”

“तुमचं मिटलं,” मी म्हटलं. “बाहेर ती बाई अजून विष घालणारी आहे.”

मुलीचा जबाब घेतला आणि तिला स्टॉलपाशी नेलं. चार लोकांत तिने झालं ते सांगितलं, मावशींची माफी मागितली. तरी कोणी पुढे होईना. तेव्हा मी वर्दीतच सगळ्यांसमोर उभी राहिले आणि वडी मागितली. गरम होती. पूर्ण संपवून आणखी एक मागितली.

“पैशे द्यायचे हां मॅडम,” मावशी म्हणाल्या. “वर्दीला फुकट नाय.”

गर्दी हसली. मागून कोणीतरी ओरडलं, “मावशी, इथे दोन प्लेट!”

गुन्हेगार नजर चुकवतो, असं आम्हाला सगळे सांगायचे. पण भक्तीपोटी खोटं बोलणारा माणूस नजर रोखून बोलतो. आपण चुकतोय असं त्याला वाटतच नसतं. त्यानंतर सरळ नजर पाहून मी कोणाला सोडलं नाही आणि जमावाने बोट दाखवलं म्हणून कोणाला जीपमध्ये बसवलं नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाला नुसतं घरी पाठवून भागत नाही, हेही तिथेच कळलं. ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं, त्यांच्यासमोरच ते परत मिळवून द्यावं लागतं.