माशाच्या कल्ल्यातला उजेड

काकांनी वाकवलेल्या शेवटच्या निऑन नळीत मी त्यांचा श्वास तसाच राहू दिला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

चौलला सुपारीच्या वाडीत त्यांची शेड होती. सख्खे काका नव्हेत, पण काम त्यांनीच शिकवलं. काचेची नळी ज्योतीवर वाकवताना चेपू नये म्हणून ते टोकाला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हलकेच फुंकत. त्या फुंकरीची ओल काचेला आतून धरून राहते. म्हणून निऑन भरण्याआधी नळी पंपाला लावून तिच्यातून जबर करंट सोडायचा. काच तापते, ओल सुटते, पंप ती ओढून घेतो. काचेवर ठेवलेला कागद तपकिरी झाला, की पुरे.

"कागद करपल्याशिवाय करंट तोडू नको," काका म्हणाले. "माझी फुंक आत राहिली, तर मासा जिवंत होईल."

मासा म्हणजे तीच शेवटची नळी, रेवदंड्याच्या एका खाणावळीच्या पाटीसाठी माशाच्या आकारात वाकवलेली. त्या दुपारी मला मुंबईची रो-रो बोट गाठायची होती. कागद पांढरा असतानाच मी करंट तोडला आणि निऑन भरला.

आठवड्याभरात खाणावळीचा मालक शेडवर तक्रार घेऊन आला. कल्ल्यापाशी लाल उजेड वळवळत होता, श्वास घेतल्यासारखा, सोडल्यासारखा. मी म्हणालो, "काकांचा हात थरथरतो आता. वाक नीट आला नाही."

काका समोरच होते. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. पुन्हा त्यांनी ज्योत पेटवली नाही. दिवाळीआधी गेले.

मासा तिथेच लटकत राहिला. एकदा भर दुपारी त्याच्यासमोर उभा राहिलो, तर माझा श्वास कल्ल्याच्या तालावर चालायला लागला.

यंदा मालकाने तो दुरुस्तीला आणून टाकला. हात लावण्याआधी मी काकींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या वाल सोलत होत्या.

"त्यांना ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "कागद शेडमंदीच पडला व्हता. पांढराच हाय, म्हनले."

"मग बोलले का नाहीत?"

"तू बोलशील, म्हनून वाट बघत व्हते."

मी नळी उघडून पुन्हा पंपाला लावली. या वेळी कागद करपेपर्यंत हललो नाही. पंप बराच वेळ घरघरत होता. मग थांबला.

आता मासा अगदी स्थिर जळतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.