नदीकाठच्या वाडीचं दळण

गिरणी चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. दळण होईपर्यंत माणूस जाणार कुठं? तो ओट्यावर बसतो आणि बोलतो. तेही गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून, त्यामुळं घरातली गुपितंसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जातात. मी लग्न होऊन या वाडीत आले. इथला इतिहास-भूगोल मला या ओट्यानंच शिकवला.

भूगोल सोपा आहे. कपिलधारच्या बाजूच्या डोंगरातून येणारी बिंदुसरा नदी आमच्या पूर्वेला, हायवे पश्चिमेला, आणि उत्तरेकडून बीड शहर दरवर्षी थोडं थोडं जवळ सरकतंय. शहर कुठं संपतं आणि वाडी कुठं सुरू होते, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

सरूमावशींना येतं. त्या आमच्या शेजारी राहतात. त्यांच्या लेकीला बघायला पुण्याहून पाहुणे आले. मुलाच्या मामानं विचारलं, "तुम्ही नेमके बीडचे की खेड्यातले?"

मावशी चहा ठेवत म्हणाल्या, "पोरगी बघायला आलात तर बीडचे. हुंडा मागायला लागलात तर खेड्यातले."

मामा बशीत चहा ओतत बसले. मुलगा मात्र हसला. मावशींनी तिथंच ठरवलं, जावई हाच.

*

इतिहास जरा अवघड आहे. तो अण्णांकडं असतो. अण्णा म्हणजे वाडीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ. एकदा कॉलेजातले एक सर गावाची माहिती लिहून घ्यायला आले. अण्णांनी सांगितलं, निजामाच्या काळात आमचे पूर्वज केजकडून बैलं घेऊन आले, नदीला पूर होता, म्हणून थांबले ते थांबलेच.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले, तर पूर्वज तलवाड्याकडून आले होते आणि नदी कोरडी होती.

सर म्हणाले, "अण्णा, काल वेगळं सांगितलं होतंत."

"काल पारावर बसलो होतो," अण्णा म्हणाले. "तिथं केजकडची माणसं जास्त असत्यात."

*

नदीकाठच्या माळावर प्लॉट पडले. बोर्ड लागला, 'रिव्हर व्ह्यू'. उन्हाळ्यात एक बँकेतले साहेब बायकोला घेऊन प्लॉट बघायला आले. पात्रात नुसते दगड आणि बाभळी.

"रिव्हर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"गावाला गेलीय," सरूमावशी म्हणाल्या. "येईल."

तरी त्यांनी घर बांधलं. दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी त्यांच्या पायऱ्या चढून हॉलमध्ये आलं. साहेब, त्यांची बायको आणि टीव्ही, तिघंही मावशींच्या माळवदावर. मावशींनी सगळ्यांना चहा दिला, ओले कपडे वाळत घातले, आणि मग नदीकडं बघून म्हणाल्या, "दिसतंय का नीट इथून?"

साहेब अजून त्याच घरात राहतात. जोतं तेवढं उंच करून घेतलंय.

*

आमचा पूल बुटका. पाऊस झाला की पाण्याखाली जातो. एका पुरात शेळ्या राखणारे सखाराममामा काठावर बसले होते, तेवढ्यात एक गाडी आली. फोनमधली बाई सांगत होती, सरळ जा.

मामा गाडीला आडवे झाले. "तिला पोहायला येतं का? तुम्हाला येतं का?"

ड्रायव्हर घाबरला. दुसरा रस्ता विचारू लागला. तो सांगून कळणारा नव्हता, म्हणून मामा गाडीतच बसले आणि त्याला फिरवून पार बीडात नेऊन सोडलं. इकडं शेळ्या आपल्या आपण घरी आल्या. मामी रडत गिरणीवर आल्या, "शेळ्या आल्या, माणूस न्हाई आला." सगळे काठानं शोधायला निघालो. पाण्यात काठ्या घालून झाल्या.

तेवढ्यात हायवेकडून मामा चालत आले, हातात जिलेबीचा पुडा.

मामींनी आधी पुडा घेतला. मग बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

त्याच पुरात नदीनं वळण बदललं. भगवानदादा आणि किसनभाऊ हे सख्खे भाऊ. वाटणीत नदी हीच हद्द ठरलेली, दादा अलीकडं, भाऊ पलीकडं. वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं. पूर ओसरला तेव्हा किसनभाऊंच्या जमिनीचा एक पट्टा दादांच्या काठाला आलेला.

आता काठ्या निघणार, असं ओट्यावर सगळे धरून चालले होते. किसनभाऊ एवढंच म्हणाले, "नदीनं नेलं. नदीशी काय भांडू?"

दादांनी त्या पट्ट्यात ज्वारी पेरली. गावानं नावं ठेवली. सुगी झाल्यावर दादा दोन पोती घेऊन गिरणीवर आले. एक बाजूला सरकवलं.

"हे किसनचं. त्या पट्ट्यातलं हाय. दळून ठेव. मी आणलं म्हणू नको."

मी भाऊंना निरोप दिला, दळण झालंय. ते आले. म्हणाले, "मी टाकलंच न्हाई." मी पोत्याचं तोंड सोडलं. त्यांनी पिठात हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग पोतं उचलून गेले.

पुढं एका सकाळी दोघं एकाच वेळी गिरणीवर आले. एक ओट्याच्या या टोकाला, दुसरा त्या. मी मुद्दाम गिरणी बंद केली.

दादा समोरच्या भिंतीला म्हणाले, "भाकरी कशा होत्यात?"

किसनभाऊही भिंतीकडंच बघत होते. "चिरत्यात. पीठ जाडं हाय."

दादा माझ्याकडं वळले आणि केवढ्यानं ओरडले, "बारीक दळता येत न्हाई का गं तुला!"