चेटकिणींविषयीचं मत आणि जवळचा नंबर

नंबरवाल्या काकांना गल्लीत दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, त्यांनी दिलेला चष्मा कधी परत आला नाही. दोन, पुस्तकांविषयीचं त्यांचं मत, जे न मागताही मिळायचं. पहिल्या गोष्टीवर दुकान चालायचं. दुसरी लोक चालवून घ्यायचे.

समोर काचेच्या दारांचं नवं दुकान झालं होतं. तिथल्या मशीनवर हनुवटी टेकवली की नंबर आपोआप छापून येई. "मशीनला नंबर कळतो, डोळा नाही कळत," असं काका इतक्या गंभीरपणे म्हणत, की त्याचा अर्थ विचारायची कुणाची हिंमत होत नसे. पण मनातून ते ओळखून होते: ज्या दिवशी आपला एक चष्मा परत येईल, त्या दिवशी दुकानातल्या बाकावर नंबर लावून बसलेली माणसं उठून रस्ता ओलांडतील.

वाचायचा नंबर काढायला बाकीचे लोक छापील तक्ता वापरतात. काकांना तक्ता मान्य नव्हता. तो वाचताना माणसाला पेंग येते आणि पेंगुळलेल्या माणसाचा नंबर उगाच वाढतो, हा त्यांचा शोध. म्हणून ते पुस्तक वाचायला देत. गेले कित्येक महिने ते पुस्तक म्हणजे चेटकिणींची एक थरारक कादंबरी होती. मुखपृष्ठावर धुकं, चंद्र आणि गरजेपेक्षा जास्त केस असलेली बाई. निवड साहित्यिक कारणासाठी नव्हती. अक्षर बारीक होतं आणि कागद कळकट. हे ज्याला वाचता येईल तो औषधाच्या पाकिटावरचंही वाचेल.

पान नेहमी एकच, तिघी चेटकिणी बंद गिरणीत जमतात ते. ग्राहक वाचायचा, काका भिंगं बदलायचे आणि भिंगांबरोबर मतही द्यायचे.

"ह्या बायांना भविष्य दिसतं म्हणे. आणि इन्स्पेक्टर कपाटात लपलाय ते दिसत नाही. आता बघा, स्पष्ट झालं?"

"जरा झालं."

"थोरलीचं वय तीनशे. मेणबत्तीच्या उजेडात मुंगीएवढ्या अक्षरातले मंत्र वाचते. चष्म्याशिवाय. चाळिशी लागल्यावर आमच्याकडे येऊन गेली असती तर मी मानलं असतं. आता?"

"आता छान."

गल्ल्यावर बसलेल्या काकू मान वर न करता म्हणायच्या, "एवढं भिकार आहे तर दोनदा कशाला वाचलंत?"

"एकदा वाचून एवढ्या चुका सापडत नाहीत."

अशातच एक निवृत्त नर्सबाई आल्या. शांत, नीटनेटक्या, पर्स मांडीवर धरून बसणाऱ्या. काकांनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, पुस्तक हातात दिलं. बाईंनी शीर्षक पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि वाचायला लागल्या. वाचन असं, की आकाशवाणीने नोकरी द्यावी. कुठे अडणं नाही, कुठे डोळे बारीक करणं नाही. काकांनी भिंग हलकं केलं, आणखी हलकं केलं. बाई तशाच वाहत्या.

"ताई, नजर तुम्ही फार जपलीत," काका म्हणाले आणि नेहमीचं मत सुरू केलं. त्या दिवशी ते रंगातच होते. धुकं, कपाट, तीनशे वर्षं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तीच ती किंकाळी: काही म्हणून सोडलं नाही. लेखकाचं नाव पुरुषाचं होतं, आणि हा माणूस जन्मात कुठल्या बाईशी दोन वाक्यं बोललेला नसावा, असंही सांगून टाकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हलक्या नंबरचा चष्मा घेऊन त्या गेल्या.

आठवड्याभराने त्या आल्या आणि चष्मा काउंटरवर ठेवला. अगदी हळू ठेवला, पण बाकावरच्या तिघांनाही ऐकू गेला.

"डोकं दुखतं. आणि दिसत काहीच नाही."

सगळ्या चष्मेवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. ते काकांनी दिलं. "सवय होईल, ताई. नवा आहे ना."

"सवय झालीय. सुईत दोरा ओवायचा असला की आता शेजारणीला हाक मारते."

काकांनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, त्यांचाच चष्मा लावला, तेच पान दिलं. बाईंनी घडाघडा वाचलं. काका बाकाकडे वळले, खटला जिंकलेल्या वकिलासारखे. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

काकू मात्र गल्ल्यावरून उठून आल्या होत्या. बाईंची नजर पुस्तकावर नसून भिंतीवरच्या पंख्याच्या बटणावर आहे, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी अलगद पान उलटलं. बाई आधीचंच पान म्हणत राहिल्या. काकूंनी पुस्तक काढून घेऊन मिटलं. तिघी चेटकिणी गिरणीत जमतच होत्या.

"पाठ केलंत की काय?" काकूंनी विचारलं.

बाई थांबल्या. "पाठ केलं नाही. मीच लिहिलंय, पुरुषाच्या नावाने."

बाकावर कुणीतरी खोकलं. काकांनी उगाचच एक भिंग पुसायला घेतलं.

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलत होतात. आणि घरातले सगळे 'छान आहे' म्हणाले होते. जावेने तर ते टीव्हीखाली टेकू लावलंय. शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला. चष्म्याचं मग लक्षातच राहिलं नाही."

आता दोष बाईंवर ढकलणं सोपं होतं. ग्राहकाने तपासणीत दिशाभूल केली म्हटलं असतं, तर बाकानेही मान डोलावली असती. शब्द काकांच्या ओठांवर आलेही. त्यांनी समोरच्या काचेच्या दारांकडे पाहिलं, मग बाईंच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे.

"चूक माझी," ते म्हणाले. "नंबर चुकला. चष्मा परत आला."

काकूंनी पर्समधलं औषधाचं पाकीट मागून घेतलं. त्यावरचं वाचताना बाई दर शब्दाला अडखळल्या आणि खरा नंबर बिनबोभाट सापडला.

"पुस्तकाबद्दलही काही बदललं का?" निघताना बाईंनी विचारलं.

"नाही. ते भिकारच आहे."

बाईंनी मान हलवली. समाधानाने हलवली असावी. जाताना त्या ताठ चालत होत्या.

बाकावरून कोणी रस्ता ओलांडला नाही. पहिला नंबर निवृत्त तिकीट-तपासनिसांचा होता. ते खुर्चीत बसले, जड फ्रेम चढवून घेतली आणि काकांनी सवयीने पुढे केलेलं पुस्तक त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"मला वर्तमानपत्र द्या. ही गिरणी मलाही पाठ आहे."

"तुम्हाला कशी?"

"काका, या बाकावर बसलं की दुसरं काय कानावर पडतं? सगळ्या गल्लीला पाठ आहे. गेल्या खेपेला मी डोळे मिटूनच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, नजर कोवळ्या पोरासारखी आहे."

काका स्टुलावर बसले. गेल्या काही महिन्यांतले चेहरे एकेक करून त्यांच्या नजरेसमोरून जायला लागले, आणि प्रत्येकाच्या नाकावर त्यांनीच दिलेला चष्मा होता. काकूंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि शेजारच्या शिंप्याला हाक मारली.

"अहो मास्तर, जरा चष्मा घेऊन या बघू इकडे. काही नाही, सहज."

शिंप्याने कापड खाली ठेवलं, दार समजून आरशाकडे दोन पावलं टाकली, मग वळून दाराकडे आला.