वामनभाऊंच्या रजिस्टरात नसलेलं घर

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरहून परतीच्या गाडीत होतो. फोन माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा. "दादा, वामनभाऊ गेले," एवढंच म्हणून ती रडायला लागली. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "तुले कोणी सांगतलं?" माणूस गेल्याची बातमी ऐकून कसा गेला, कधी गेला, हे न विचारता कोणी सांगितलं हे मी विचारलं. महिना होऊन गेला, तरी तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. वामनभाऊंच्या बाबतीत आमच्या गल्लीला हीच सवय लागली होती... कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, किती सांगितलं.

तसे ते वीज मंडळात लाइनमन. आमच्या वस्तीत जितकी मीटरं आहेत, त्यातली बहुतेक त्यांच्याच हातची. मी शाळेतला बाबू, ते खांबावरचे. संध्याकाळी माझ्या ओट्यावर आमचा चहा ठरलेला. निवृत्त झाल्यावर नगरपरिषदेनं वॉर्डावॉर्डांत नागरिक समित्या केल्या, त्यात आमच्या वॉर्डाचे सचिव म्हणून त्यांना घेतलं. पाठोपाठ पोलीस ठाण्याच्या शांतता समितीतही नाव आलं. खिशाला ओळखपत्र लागलं. सणावारापूर्वी ठाण्यातून बोलावणं यायचं. आणि हळूहळू असं झालं, की वामनभाऊ वळणावर दिसले की ओट्यावरचं बोलणं पावसापाण्यावर यायचं.

मग नळाला बारा-बारा दिवस पाणी येईना, तेव्हा बायकांनी हंडे मांडून रस्ता अडवला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आमच्याच गल्लीतल्या दोघांना नावानिशी बोलावलं. नावं कोणी दिली? पुरावा कोणाकडेच नव्हता, पण साऱ्यांची बोटं एकाच घराकडे वळली. मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"बाबू, ठाण्यात बोलावते त जा लागते. मी नाई गेलो त दुसरा जाईन. तो तिथं काय बोलन, त्याचा नेम हाये काय?"

"अन् तुम्ही काय बोलता?"

ते हसले. त्या हसण्यावर मी पुढं कितीतरी दिवस विचार करत राहिलो.

वस्तीच्या टोकाला, नाल्याच्या कडेनं, सरकारी ई-क्लास जमिनीवर तीसेक घरं आहेत. त्यातच सुमनचं घर होतं. नवरा उंद्रीचा, तिथं पोट भरेना म्हणून दोघं इकडं आले, दोन खोल्या बांधल्या, दारात कढीपत्ता लावला. तो गेल्यावर सुमन शिवणकामावर राहिली. समितीनं त्या घरांची पाहणी काढली आणि वामनभाऊ रजिस्टर घेऊन दारोदार फिरू लागले. घरात कोण कोण, कधीपासून, मीटर कोणत्या साली, खाली सही. सुमनकडे आले त्या दिवशी मी तिथंच बसलेलो.

"सुमनबाई, मीटर कवा लागलं ते मले ठाऊक हाये, मीच लावलं. पण बाकीचं तुम्हीच सांगा लागन, सही बी तुमचीच पाह्यजे."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वामनभाऊ, हे कागद जाते कुठी?"

"नगरपरिषदेत."

"अन् तिथून?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ते मले बी सांगत नाईत, बाबू."

मी बहिणीला म्हटलं, सही करू नको. आपणहून कशाला आपलं नाव सरकारच्या हाती द्यायचं? ते चार वेळा आले. चारही वेळा सुमननं मी शिकवलेलं उत्तर दिलं, "घरी कोणी नाई." आणखी तीन घरांनी तेच केलं, तेही माझ्याच सांगण्यावरून.

काही महिन्यांनी नोटिसा आल्या. 'अतिक्रमण का काढू नये'... आणि नेमक्या रजिस्टरात नावं असलेल्या घरांनाच. गल्ली पेटली. वामनभाऊंच्या फाटकावर कोणी शेण फेकलं. त्यांच्या बायकोला, शांतावहिनींना, दळणाच्या रांगेत कोणी बोलेना. मी मात्र मनातून सुखावलो होतो, हे आज लिहायलाच हवं. "पाह्यलं? म्हणत होतो ना मी?" असं मी सुमनला किती वेळा म्हणालो, मोजदाद नाही.

पण पुढं तहसीलात सुनावण्या झाल्या आणि तेच रजिस्टर टेबलावर आलं. साल, मीटर, सही... जुनी बिलं कोणी जपली नव्हती, ती घरं जुनी असल्याचा दुसरा कोणता कागदच कोणापाशी नव्हता. ज्यांची नोंद होती त्यांची घरं नियमित झाली, पट्टे मिळाले. ज्यांची नव्हती ते चौघं नवे अतिक्रमणवाले ठरले. सुमनला नोटीस आली ती सगळ्यात शेवटी, आणि तिच्यात सुनावणी नव्हती, फक्त घर रिकामं करायची मुदत होती.

मी धावत वामनभाऊंकडे गेलो. "आता लिवा. मांगची तारीख टाका."

"बाबू, एक तारीख खोटी टाकली त साऱ्याईचंच रजिस्टर खोटं ठरन. सव्वीस घरं हायेत त्यात."

मी त्यांना नाही नाही ते बोललो. दलाल म्हणालो. दुसऱ्या दिवशी सदरा घालून ते तहसीलात गेले, सुमनचं मीटर कोणत्या साली लावलं ते साहेबासमोर तोंडी सांगितलं, असं मागाहून कळलं. तोंडी सांगणं चाललं नाही. घर पाडलं त्या सकाळी ते समोरच्या लिंबाखाली उभे होते, शेवटपर्यंत. मला वाटलं, काम नीट झालं की नाही ते वर कळवायला आले असतील. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. दोन वर्षं... ओट्यावर चहा एकट्याचाच.

तेरवीला गेलो. मोताळ्याहून त्यांची मुलगी आली होती, तिनं पाणी दिलं. माणसं पांगल्यावर मी शांतावहिनींना, लाज सोडून, विचारलंच. हंडे मांडून रस्ता अडवला, तेव्हा ठाण्यात नावं कोणी दिली होती?

"मले काय ठाऊक, भाऊजी? एक डाव विचारलं त म्हणे, तुले जे माहीत नसन, ते तुले कोणी विचारणार नाई." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मी बी मंग विचारलं नाई."

म्हणजे दिली असतीलही. नसतीलही. मी अजून त्यांना पुरता निर्दोष मानू शकत नाही, आणि आता कोणी खात्री करून देणाराही उरला नाही.

परतताना सुमन सोबत होती. चालता चालता म्हणाली, "दादा, तुले त्याईचा संशय होता. मले तुह्यावर भरोसा होता. मंग माहं घर कोणामुळं गेलं?" तिनं रागानं विचारलं नव्हतं, तिला खरंच उत्तर हवं होतं. तिच्या भाड्याच्या खोलीपर्यंत मी नुसता चालत राहिलो.

मागच्या आठवड्यात नगरपरिषदेचा माणूस घरी आला. समितीची जागा रिकामी आहे, तुमचं अक्षर चांगलं आहे, म्हणाला. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते सांगता येणार नाही. नाल्याकडे नव्यानं सात-आठ घरं झाली आहेत, त्यांच्या नोंदी करायच्या आहेत. पहिल्याच दारात माझा हात चपलेकडे गेला. वामनभाऊ कोणाच्याही घरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. चपला बाहेर काढायचे आणि तापलेल्या फरशीवर तसेच उभे राहायचे, बोलावलं तरीसुद्धा. मीही तसाच उभा राहिलो. तळवे पोळत होते. दार चार बोटं उघडलं. आतल्या बाईनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं, खिशाच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि म्हणाली,

"घरी कोणी नाई."

दार लागलं. मी काही लिहिलं नाही. चपला घातल्या. उद्या पुन्हा जायचं आहे.