रंगाचे दोन हात

यशोधराच्या वडिलांनी, गोरखआबांनी, उभी नोकरी घाटातले रेल्वेचे पूल आणि खांब रंगवण्यात काढली. पाऊस लागायच्या आत लोखंडाला चंदेरी रंगाचे दोन हात बसलेच पाहिजेत, हा त्यांचा धर्मच. निवृत्त होऊन पवनानगरच्या वर, डोंगराआडच्या आपल्या वाडीत आले तरी खोड गेली नाही. फाटक, टाकी, शेजाऱ्याचा नांगर, काही म्हणून सुटायचं नाही. बायको चिमाबाई म्हणायची, "मी जरा बसून ऱ्हायले तर मलाबी रंगवतील."

टॉवर डोंगरापलीकडे, त्यामुळे वाडीत मोबाईल लागत नसे. यशोधरा बेगडेवाडीला राहून एका प्रयोगशाळेत नेमकं अशा आडोशाच्या जागी लहरी पोचवायच्या कामावर होती. सपाट पाटीवर तांब्याच्या बारीक नक्ष्या अशा आखायच्या, की येऊन आदळलेली लहर हवी तिकडे वळावी. नक्षी केसभर बदलली तरी लहर वाट बदलते. तिची पाटी एकटी दोन कामं करायची: टॉवरच्या उभ्या लहरी वाडीकडे, आडव्या लहरी खालच्या रस्त्याच्या वळणाकडे. ना वीज, ना यंत्र. चाचणीसाठी ती डोंगराच्या धारेवर बसवली आणि वाडीतले फोन वाजायला लागले. आबा मावळभर सांगत सुटले, "माज्या पोरीनं केलंय."

पूर्वी पावसाळ्यात हौशीरामची जीप अडीअडचणीला वाडीतच मुक्कामी असायची. आता फोन लागतोय म्हटल्यावर तो खाली पवनानगरलाच थांबू लागला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेअखेरीस यशोधराने फोनवर सांगितलं, "आबा, पाटीची चौकट गंजू देऊ नका." एवढंच. पाटीच्या तोंडाला हात लावू नका, हे सांगायचं तिला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणालाच सुचलं नसतं. आबांनी हौशीरामकडून डबा मागवला, चौकट रंगवली, मग पोरीची पाटी पावसात उघडी कशी ठेवायची म्हणून तिच्यावरही दोन हात मारले. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते. तिच्याखाली नक्षी आंधळी झाली, लहरी वळेनात. फोन बंद पडले आणि लगोलग पाऊस लागला, त्यामुळे लोकांना वाटलं, टॉवरच बंद असेल, होईल सुरू. दरसालचंच ते.

भातलावणीत चिमाबाईला घोणस चावली. आबा फोन लावत राहिले, लावत राहिले. शेवटी चिखलातून धावत खाली गेले. जीप वर येईस्तोवर ती संपली होती.

माती झाल्यावर यशोधरा एकटी धारेवर गेली. पाटी लखलखत होती. कुठे एक ओघळ नाही, कुठे ब्रशचा फराटा नाही. इतक्या मायेनं रंगवलेलं तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. ती तिथे आईसाठी रडायचं सोडून आबांसाठी रडली. हे त्यांना कळलं तर हा माणूस जगायचा नाही, एवढं तिला कळत होतं. प्रयोगशाळेतली दोन माणसं बोलावून तिने पाटी ताडपत्रीत गुंडाळून नेली. घरी सांगितलं, "माझी आखणी चुकली."

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वाडी जमली होती. बुद्धवंदना झाली, माणसं आईबद्दल बोलली. मग हौशीराम आबांकडे बघत चाचरत म्हणाला, "भाऊ, त्यो रंग दिल्यापसनं तर फोन... न्हाई, आपलं इचारतो."

आबांनी मान वर केली. डोळ्यांत भीती होती, अशी की यशोधराला ती बघवेना.

"रंगाचा काही संबंध नाही, हौशीदादा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक माझ्या पाटीत होती."

आबांच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे राग आला.

"माज्या रंगानं कदी कुनाचं वाईट झालं न्हाई," ते म्हणाले. "तुज्या पाटीवर भरवसा ठिवला म्हनून जीप खाली ऱ्हायली. तुजी आई तू मारलीस. ह्या घरात परत येऊ नगंस."

यशोधराने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

"व्हय, आबा," ती म्हणाली.